अर्धा सूर खाली

पियानो घ्यायचाय, कोणता घेऊ, असं माझ्या बहिणीला कोणी विचारलं की ती आधी विचारते, "घर कितव्या मजल्यावर आहे?" समोरचा चक्रावतो. तो बिचारा रंगाची, लाकडाची, फार तर आवाजाची तयारी करून आलेला असतो. ताई म्हणते, "वाजवायचं नंतर बघू. आधी जिना बघा, जिन्याचं वळण बघा, उचलायला येणाऱ्यांच्या पाठी बघा. कारण एकदा घरात आला की तो जायचा नाही. घरजावयासारखा ठाण मांडून बसतो."

मी तिचा धाकटा भाऊ. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त आहे. बायको गेल्यावर ताईकडे राहायला आलो. साठी उलटली तरी ताई मला 'छोट्या' म्हणते आणि बाहेरच्या लोकांसमोरसुद्धा म्हणते. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण एका घरात इतकी वर्षं पियानो ऐकला की माणसाला काही गोष्टी आपोआप पाठ होतात, तशा मला झाल्यात. त्यात बऱ्याचशा ताईच्या शिव्या आहेत.

जुना पियानो घेताना आधी वाजवायचा नाही, हे तिचं ठाम मत. वरचं झाकण उघडायचं आणि नाक आत घालून वास घ्यायचा. दमट वास आला तर तोंडभरून कौतुक करायचं आणि घरी परत यायचं. वास बरा असला तर खालची फळी काढून उंदरांच्या लेंड्या बघायच्या. उंदरांना पियानो फार आवडतो म्हणे. आत लोकर असते, अंधार असतो, आणि मालक कधी उघडून बघत नाही. एवढ्यातून पास झाला तरच पट्ट्यांना हात लावायचा, तोही मधल्या नाही, अगदी टोकाच्या. "मधल्या काय, सगळेच वाजवतात," ताई म्हणते. "माणसाची परीक्षा कशी, पाहुणे गेल्यावर घ्यायची."

घरी आणल्यावर बाहेरच्या भिंतीला लावायचा नाही. खिडकीखाली नाही. हीटरशेजारी तर मुळीच नाही. जिथे आपण स्वतः दिवसभर स्वेटर न घालता आणि घाम न पुसता बसू शकतो, ती पियानोची जागा. आणि आणल्या आणल्या सुरात लावून घ्यायचा नाही, थोडे आठवडे त्याला घराची हवा लागू द्यायची. वर फोटो नकोत, फुलदाणी नको. एका ओळखीच्या घरी पियानोवर माशांचं काचेचं भांडं ठेवलेलं होतं. ताईने ते बघितलं आणि चहा न घेता चप्पल घातली. मीही निघालो. मला चहा हवा होता, पण विचारतो कोण?

ताईने लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "आमच्या घरात एकच मोठी वस्तू मावते." ती मोठी वस्तू आईची. आईने ताईला याच पियानोवर शिकवलं. पुढे ताई एका हॉटेलच्या चहाच्या हॉलमध्ये वाजवायची. लोक चमचे वाजवायचे, ती पियानो, आणि दाद चमच्यांना जास्त मिळायची, असं ती सांगते. सकाळी एका नाचाच्या शाळेत वाजवायची. तिथे सगळं काम एकाच चालीचं, पोरींचे पाय दुखेपर्यंत तीच ओळ पुन्हा पुन्हा. मग हॉटेलने भिंतीत स्पीकर बसवले. ताईने दारावर शिकवणीची पाटी लावली आणि घरी मुलांना शिकवायला लागली.

आमचा पियानो भिंतीला उभा राहणारा, आईहून म्हातारा. मी इथे राहायला आलो तेव्हा त्याच्या तारा तुटायला लागल्या होत्या. पियानो सुरात लावणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'चावीवाले' म्हणतो, कारण खुंट्या पिळायची लांब दांड्याची चावी त्यांच्या पिशवीतून कायम डोकावत असते. त्यांनी आत टॉर्च मारला, एकेक खुंटी हलवून बघितली, आणि मग म्हणाले, "खुंट्या ज्या लाकडात ठोकल्यात ना बाई, ते लाकूड दमलंय. पूर्ण सुरात ताणून ठेवला तर एक दिवस चिरणार. आपण सगळाच्या सगळा अर्धा सूर, म्हणजे एका पट्टीएवढा, खाली उतरवू. खालीच राहू दे. तुमच्या माझ्यापेक्षा जास्त जगेल."

मला हे पटलं. जुन्या दोराच्या लिफ्टमध्ये माणसं कमी घ्यावीत, तसंच हे. ताईलाही पटलं. सगळ्या तारा सारख्याच उतरवल्या, त्यामुळे एकमेकींशी त्या सुरातच होत्या. इमारतीतला प्रत्येक मजला अर्धा मजला खाली सरकला तर लिफ्टमधल्या माणसाला काय कळणार? बाहेर पडून शेजारच्या इमारतीकडे बघेल तेव्हाच कळेल. आमच्याकडे कोण बघायला बसलं होतं? मुलं यायची, शिकायची, मोठी व्हायची, पियानो विसरायची. ताईही हळूहळू विसरली की आपला पियानो खाली आहे.

मग भिंगरी आली.

ही कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची मुलगी. पहिल्या दिवशी आली ती स्टुलावर बसून गरगर फिरायला लागली, म्हणून भिंगरी. तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते. ताईने पायाखाली लाकडी खोकं दिलं, नखं कापून घेतली, आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईपर्यंत स्टूल वर-खाली केलं. पहिला तास एवढ्यातच संपला. बेकरीवाला दारात उभा होता. म्हणाला, "बाई, वाजवलं काहीच नाही की!" ताई म्हणाली, "तुम्ही भट्टी तापायच्या आधी पाव घालता का?"

ताईची शिकवण्याची पद्धत म्हणजे एक शिक्षाच. आधी एक हात, मग दुसरा, आणि दोन्ही मिळून वाजवायची परवानगी मिळेपर्यंत पोराला मिसरूड फुटतं. वेग वाढवायचा नाही. चुकलं की थांबायचं, पुढे रेटायचं नाही. "चुकलेलं पुन्हा पुन्हा वाजवलंस तर चूकच पाठ होईल, आणि मग ती तुझ्या बापालाही काढता यायची नाही." निम्मी मुलं दोन-तीन महिन्यांत पळतात. भिंगरी पळाली नाही. उलट घरी जायला निघायची आणि जिन्यावरून परत यायची, एकदाच वाजवते म्हणायची.

तिच्या कानाची गोष्ट आमच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. पियानोच्या पट्ट्यांना ताई अक्षरांनी हाक मारते, सी, डी, ई अशी. एकदा स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली, तर भिंगरी बाहेरच्या खोलीतून ओरडली, "बाई, किटली जी!" ताईने जाऊन जी दाबून बघितली. तंतोतंत तोच सूर. मग पोरीला चेवच आला. दाराची घंटा, बसचा ब्रेक, सगळ्यांना अक्षरं मिळाली. शेजारच्या काकांची शिंक एफ निघाली, आणि त्यांचं घोरणं कुठल्याच पट्टीत बसत नाही असं जाहीर झालं. ताई मला म्हणाली, "छोट्या, असा कान मला नाही. आईलाही नव्हता. मला दोन सुरांमधलं अंतर कळतं. हिला सूर कळतो, एकटाच, नाव-गावासकट." ताईने कुणाचं एवढं कौतुक केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, माझं तर नाहीच नाही.

शहरात संगीताची एक मोठी शाळा आहे. दर वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं घेतात. तिथे शिकवतात, वाजवायला चांगले पियानो देतात. ताईने ठरवलं, भिंगरी तिथे गेली पाहिजे. बेकरीवाल्याला पहिल्यांदा धास्ती वाटली, मग तो इतका फुगला की पाव देताना गिऱ्हाइकांना पोरीच्या कानाबद्दल सांगायला लागला. परीक्षा उन्हाळा संपल्यावर होती. त्याआधी मुलांनी एकदा येऊन हॉलमधल्या पियानोवर हात बसवून जावं, अशी शाळेची रीत होती. आम्ही तिघं तिला घेऊन गेलो.

मोठा थोरला काळा पियानो, नवा कोरा. भिंगरी बसली, हात ठेवले, सुरुवात केली आणि थांबली. हाताकडे बघितलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबली. मग दोन्ही हात एक पट्टी डावीकडे सरकवले आणि तिसऱ्यांदा वाजवायला लागली. आता बोटं भलत्याच काळ्या-पांढऱ्यांवर पडायला लागली आणि सगळा पसारा झाला. तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, "घाबरली वाटतं."

"मी घाबरले नाही," भिंगरी म्हणाली. "हा पियानो खोटं बोलतो."

ताईचा पारा चढला. "पियानो खोटं बोलत नाही. बोटं बोलतात." येताना बसमध्ये बेकरीवाला पोरीचा हात धरून खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, चला, कानाचं कौतुक संपलं, पोरगी चारचौघांसारखी निघाली. खोटं कशाला बोलू, जरा हायसंही वाटलं. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन भिंगरीने तेच सगळं एकही चूक न करता वाजवलं. ताई तिच्या पाठीशी उभी होती. ती कपाटाकडे गेली आणि सुराचा चिमटा काढला. हा म्हणजे स्टीलचा दोन पायांचा काटा. आपटला की एकच सूर देतो, ए. जगात कुठेही गेलात तरी तो ए म्हणूनच चालतो. ताईने तो गुडघ्यावर आपटला आणि पियानोच्या लाकडाला टेकवला.

"हा कोणता?"

"ए च्या उजवीकडची काळी," भिंगरी म्हणाली.

"नीट ऐक."

"नीटच ऐकलं."

ताईने पुन्हा आपटला. पोरीने तेच सांगितलं, जरा वैतागून. ताई खुर्चीवर बसली. चेहरा असा झाला की मी पाणी आणायला उठलो. "छोट्या," ती म्हणाली, "पोरगी बरोबर आहे. खोटं आपला पियानो बोलतोय. सगळ्या सुरांची नावं मीच तिला चुकीची शिकवली. तिच्या कानात सगळी दुनिया अर्धा सूर खाली बसली आहे."

दुसऱ्या मुलाचं याने काही बिघडलं नसतं. ज्याला कान नाही त्याला काय फरक? जिचा कान एवढा पक्का, तिलाच नेमकं ते भोवलं. आमच्या घराबाहेर ती कुठेही बसली तरी डोळे एक पट्टी सांगणार आणि कान शेजारची.

बेकरीवाल्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, मग काय झालं, दुसऱ्या पियानोवर सवय करू. त्याच्या एका ओळखीच्या घरी नवा पियानो होता. पोरीला तिथे रोज न्यायला लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी ती तिथून रडत आमच्याकडे आली, स्टुलाला हातसुद्धा न लावता म्हणाली, "मला नाही शिकायचं." बाप मागे उभा, हात पिठाने माखलेले. भिंगरी म्हणाली, "माझा कान वेडा आहे." एवढ्याशा पोरीच्या तोंडून हे ऐकलं आणि मलाच भडभडून आलं, तर ताईचं काय झालं असेल!

ती गेल्यावर ताईने चावीवाल्यांना बोलावून घेतलं. "हा वर घ्यायचा," ती म्हणाली. "पण एकदम नाही. दर आठवड्याला थोडा, केसभर. पोरीला कळता कामा नये. पियानोबरोबर तिचा कानही वर आला पाहिजे."

चावीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "कान येईल. लहान आहे, रोज ऐकते, येईल. पण बाई, लाकूड चिरणार. आज नाही तर उद्या. चिरलं की मग तो ना वर राहील ना खाली. खुंट्या धरणारच नाहीत."

"नवं लाकूड बसत नाही का?" मी विचारलं.

"एवढ्या जुन्याला? सगळा सोलून काढावा लागेल. त्यातून जे परत येईल तो हा पियानो नसेल."

मी ताईशी भांडलो. आईचा पियानो आहे म्हणालो. तुझ्याकडे दुसरं आहे काय म्हणालो. ताई म्हणाली, "आईचा आहे म्हणून पोरीला वेडी ठरवू? छोट्या, तुला लिफ्ट वाचवायची असते की आतलं माणूस?" माझ्याच धंद्याने मला चीत केलं.

भिंगरीला ताईने एवढंच सांगितलं, की दुसरीकडे कुठे वाजवायचं नाही, इथेच यायचं आणि मन लावून वाजवायचं. पोरगी तेवढ्यावर परत आली. सगळा उन्हाळा चावीवाले पोरगी यायच्या आधी, सकाळीच यायचे आणि एकेक खुंटी जेमतेम हलवून जायचे. एकदा ते काम करत असताना जाड तार तुटली, असा आवाज झाला की मी जिन्यात धावलो, मला वाटलं लिफ्टचा दोर गेला. भिंगरीला काही कळलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "बाई, पियानो आज खुशीत आहे."

ताई अधूनमधून चिमटा आपटून तिला विचारायची. सुरुवातीला उत्तर तेच, शेजारची काळी. मग एके दिवशी पोरीने कपाळाला आठ्या घातल्या. "काळीच्या जरा खाली. बाई, तुमचा चिमटा बिघडत चाललाय." ताईने गंभीरपणे मान हलवली, हो गं, जुना झालाय. पुढे काळी आणि ए च्या मधोमध. पुढे ए च्या अगदी जवळ, आणि पोरीने सल्ला दिला की नवा चिमटा घ्या. आणि मग एका दुपारी ती मान वर न करता, वही काढता काढता म्हणाली, "ए. दुरुस्त करून आणलात?"

"हो," ताई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो तर ओट्याला धरून उभी होती आणि ढसाढसा रडत होती. मी नळ सोडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

परीक्षेत भिंगरीने न थांबता वाजवलं. तिला घेतलं. बेकरीवाल्याने आमच्याकडे एवढा मोठा केक पाठवला की मजल्यावरच्या सगळ्यांना वाटूनही उरला. ताईने त्याच संध्याकाळी तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण पोरगी इतकी नाचत होती की राहून गेलं.

लाकूड त्यानंतर गेलं. भर दुपारी, कुणी हातही लावलेला नसताना, आतून फळी मोडल्यासारखा आवाज आला. चावीवाल्यांनी येऊन टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. बारीकशी चीर, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. तारा सैल पडायला लागल्या, त्याही सारख्या नाही, एक आज, दुसरी उद्या, प्रत्येकीची मर्जी वेगळी. पंधरवड्यात असं झालं की मलासुद्धा कळायला लागलं. चावीवाले म्हणाले, आता चावी फिरवण्यात अर्थ नाही. पिशवी उचलून ते बराच वेळ दारात उभे राहिले.

भिंगरी शाळेतून सुटली की आमच्याकडेच यायची. ताईने तिला दारातूनच परत पाठवलं. आता इथे यायचं नाही म्हणाली. पोरीने विचारलं का, तर म्हणाली, मला वेळ नाही. बेकरीवाला घाबराघुबरा होऊन आला. "बाई, काय चुकलं आमचं?" "काही नाही चुकलं," ताई म्हणाली. घरात बसून मात्र ती त्या मोडक्या पियानोवर रोज वाजवायची. ऐकवत नसे. मी म्हणालो, "अगं, कशाला?" म्हणाली, "हातांना कुठे कान असतात?"

शेवटी माझं डोकं फिरलं. "पोरगी तिकडे रडून अर्धी झाली आहे," मी म्हणालो. "तिला खरं सांगायला काय होतं तुला?"

"सांगितलं तर तिला वाटेल तिच्यामुळे गेला."

"मग वाटू दे! बाईंनी मला टाकलं असं वाटण्यापेक्षा ते बरं."

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः बेकरीत गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी बाहेर उभा होतो. काचेतून एवढंच दिसलं, की ताई बोलत होती आणि भिंगरी ऐकत होती, आणि बाप पाव भरायचा थांबला होता. शेवटी ताईने बोट उगारून काहीतरी बजावलं. ते मला नंतर कळलं. हा पियानो तुझ्या कानावर पडता कामा नये, पुन्हा बिघडेल, म्हणून यायचं नाही, असं ते होतं.

दोन दिवसांनी दुपारी ताई वाजवत होती. दार ढकलून भिंगरी आत आली, कोपराने ढकलून, कारण दोन्ही हातांची बोटं तिने कानांत खुपसली होती. ताई थांबली. "जा," ती म्हणाली. पोरीला ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं तिने दाखवलं. खुर्ची पायाने ओढली, ताईच्या शेजारी आणली आणि बसली, बोटं कानांत तशीच. मग हनुवटीने पट्ट्यांकडे खूण केली, वाजवा.

ताईने माझ्याकडे बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली. सगळे सूर वेडेवाकडे, कुठलाच जागेवर नाही. भिंगरी पुढे वाकून तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. मध्येच ती मोठ्याने ओरडली, कान बंद असले की माणूस ओरडतो तसं, "बाई, चौथं बोट उशिरा आलं!"

"आलं खरं," ताई म्हणाली. ते तिला ऐकू गेलं नाही, म्हणून ताईने ती ओळ पुन्हा वाजवली.